वेल्ताला न ऐकू आलेला रविवार

वेल्ताने आयुष्याची तीस-एक वर्षं तागाच्या गिरणीत मागांपुढे उभं राहून काढली. गिरणीत एकदा माग सुरू झाले की शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळायचं नाही. त्यामुळे तिथल्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज न काढता, तोंडाचा मोठा आकार करून. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, मुकादम आज कुणावर डाफरला, सगळं या ओठांवरून त्या ओठांवर जायचं. वेल्ता यात पटाईत होती. लातव्हियात सत्तापालट झाला, गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले. पण ओठ वाचायची सवय काही गेली नाही. आणि कानांचं जे व्हायचं होतं तेही होऊन चुकलं होतं.

“आधी माणसांचे आवाज जातील,” डॉक्टरांनी तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं. “कुत्रं भुंकलेलं, घंटा वाजलेली ऐकू येईल. बोलणं मात्र हळूहळू पुसट होईल.”

वेल्ता ते ऐकून घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. तिचा स्वभावच तसा. नवरा ओयार लाकडाच्या वखारीत काम करता करता छातीत कळ येऊन गेला, त्या दिवशीसुद्धा ती घरी आली, हात धुतले, बटाट्याची धिरडी घातली आणि चौदा वर्षांच्या लेकीपुढे, सार्मितेपुढे, ताटली ठेवून म्हणाली, “खाऊन घे. गार होतील.” त्यापुढे बापाबद्दल ना त्या दिवशी एक शब्द, ना नंतर कधी. पोरगी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडली. वेल्ता भिंतीपलीकडे जागी होती, पण उठून गेली नाही. आपण गेलो तर आपलाच बांध फुटेल आणि मग घर कोण चालवणार, असं तिला वाटलं होतं. हे तिने लेकीला कधी सांगितलं नाही.

सार्मिते मोठी झाली, राइतिसशी लग्न केलं. मंदीच्या वर्षी दोघांच्याही नोकऱ्या गेल्या तेव्हा अर्ध्या गावासारखी तीही राइतिसबरोबर आयर्लंडला अळंबीच्या शेडमध्ये कामाला गेली. दोन वर्षांत परत येते म्हणून गेलेली तिथलीच झाली. मागे राहिली व्हेंता नदीच्या काठची चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि त्यात वेल्ता.

एका उन्हाळ्यात सार्मितेने आपला जुना लॅपटॉप आईला आणून दिला. “दर रविवारी जेवणानंतर मी फोन लावीन. तू फक्त हे हिरवं दाबायचं,” असं शिकवलं. जाताना हेडफोनही घेऊन दिले. “हे कानाला लाव. म्हणजे ‘हं, हं’ करून मला फसवायला नको.”

“मी कशाला फसवू? सगळं ऐकू येतं मला.”

“हो का? मग आत्ता मी काय म्हणाले?”

“हेडफोन लाव म्हणालीस.”

“त्याच्या आधी, आई!”

दोघी हसल्या होत्या. पण सार्मितेच्या हसण्यात जुना राग होताच. आई ऐकत नाही, आई ऐकून न ऐकल्यासारखं करते, ही तिची लहानपणापासूनची तक्रार.

चाळिशी ओलांडल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, सार्मितेला दिवस गेले. पडद्यावर तिने ते सांगितलं तेव्हा हेडफोन लावलेल्या वेल्ताला पहिल्या झटक्यात, स्पष्ट ऐकू आलं. त्या रविवारी तिने कपाटातून पांढरी लोकर काढली.

मग मार्चमध्ये कधीतरी असं झालं की बोलणं संपल्यावर वेल्ता चहाचं आधण उतू गेलं म्हणून घाईने उठली. हेडफोनची वायर खुर्चीच्या हातात अडकली. लॅपटॉप टेबलाच्या कडेपर्यंत ओढला गेला, तो तिने कसाबसा धरला. हेडफोनची पिन मोडली. लेकीने दिलेली वस्तू मोडली म्हणून तिला ओशाळल्यासारखं झालं. हेडफोन तिने खणात टाकून दिले, आणि लेकीला सांगायचं नाही असं ठरवलं.

पुढच्या रविवारी हिरवं बटण दाबलं, सार्मिते दिसली, तिचे ओठ हलले आणि आवाज काहीच आला नाही.

वेल्ताने आवाज वाढवायचं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी टोकापर्यंत भरली. तरी काही नाही. परत कमी केला, परत वाढवला. लॅपटॉप बंद करून चालू केला. सार्मिते पुन्हा दिसली, छान हसत होती, बोलत होती, आणि खोलीत फक्त खालच्या अंगणातलं कुत्रं भुंकलेलं ऐकू येत होतं.

कुत्रं ऐकू येतंय आणि माणूस नाही. डॉक्टर म्हणाले होते ते हेच. एवढे दिवस हेडफोनने तारून नेलं, आता तेही नाहीत आणि कानही नाहीत.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर प्रश्न नव्हता. पण सांगितलं की सार्मिते काय म्हणणार हे तिला पाठ होतं. एकटी राहू नकोस, घर विकून टाक, इकडे ये. आणि पोटुशी लेक तिकडे काळजी करत बसणार. त्यापेक्षा वेल्ताने गिरणीतली विद्या बाहेर काढली. लेकीचे ओठ वाचायचे, जमेल तेवढं समजून घ्यायचं, आणि मधल्या वेळात आपणच बोलत राहायचं. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचं मांजर, नदीचं चढलेलं पाणी, बाजारात आलेल्या कोवळ्या कांद्याच्या जुड्या. असे दोन रविवार निभावले. दुकानात, जिन्यात भेटणाऱ्यांचे ओठ ती सवयीने वाचायचीच, त्यामुळे त्यांचं बोलणं कानांनी कळतं की डोळ्यांनी, हा प्रश्न तिला पडला नाही. सार्मितेला संशय आला नाही. आई तशीही आपलंच बोलते, असंच तिला वाटलं असणार.

तिसऱ्या रविवारी सार्मिते नेहमीसारखी स्वयंपाकघरात बसलेली नव्हती. पलंगावर होती, केस मोकळे, अंगात राइतिसचा स्वेटर. ओठ हलले. ‘आई’ हा शब्द वेल्ताने ओळखला. मग ‘बाळ’ ओळखला. त्यापुढे सार्मितेने मान खाली घातली आणि तोंडावर हात घेतला, त्यामुळे काही म्हणता काही वाचता येईना. वेल्ताला वाटलं, दमलीये पोर. सहावा महिना लागलाय, दमणारच. बाळाच्या नावाचं काही म्हणत असेल. काहीतरी बोलायला हवं, गप्प बसलो तर पितळ उघडं पडेल. तिने मांडीवरचे इवलेसे पांढरे मोजे उचलले आणि पडद्यासमोर नाचवले.

“हे बघ! दुसऱ्याची टाचसुद्धा झाली काल. आता टोपी घेते विणायला!”

सार्मितेने मान वर केली. ती त्या मोज्यांकडे बघत राहिली, कितीतरी वेळ. मग तिने एक छोटं वाक्य उच्चारलं, अगदी सावकाश, आणि ते मात्र वेल्ताने पूर्ण वाचलं. ती विचारत होती, “तू ऐकतेयस का?”

“हो, ऐकतेय ना!” वेल्ता हसून म्हणाली. “सगळं ऐकतेय.”

पडदा काळा झाला.

वेल्ताला वाटलं, नेट गेलं असेल. तिने परत फोन लावला. कुणी उचलला नाही. पुढच्या रविवारी लॅपटॉप उघडून ती संध्याकाळपर्यंत बसली. त्याच्या पुढच्याही. मध्ये एकदा तिने आपल्या बटणांच्या फोनवरून संदेश केला, “बरी आहेस ना?” उत्तर राइतिसचं आलं, “हो. तिला थोडा वेळ द्या.” आता यातून काय समजायचं? पोटुशी बाई, चिडचिड होत असेल, असं स्वतःला समजावून वेल्ताने टोपी विणायला घेतली.

मग एका सकाळी ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. ताकाचा डबा खालच्या फळीवर होता, म्हणून ती वाकलेली, काउंटरकडे पाठ. चीज कापणारी इंगूना ही सार्मितेची शाळेतली मैत्रीण. ती मागून म्हणाली, “वेल्तामावशी, फार वाईट झालं हो. सार्मितेने लिहिलं होतं मला. रडूच आलं वाचून. एवढ्या वर्षांनी देवाने दिलं, आणि असं पोटातच...”

वेल्ता वाकलेलीच राहिली.

“काय पोटातच?” तिने विचारलं.

इंगूनाची सुरी थांबली. “मावशी... तुम्हाला माहितीये ना? बाळाचे ठोके थांबले ते? मार्च संपता संपता?”

वेल्ता सरळ झाली. ताकाचा डबा तिने छातीशी धरला होता. “माहितीये,” ती म्हणाली. “सांगितलं तिने मला.”

“बसा जरा. पाणी देऊ?”

“नको. गॅसवर काहीतरी ठेवलंय.”

रस्त्यात पूल लागला. कठडा धरून ती उभी राहिली. आपण काय दाखवलं, काय बोललो, कशाला ‘हो’ म्हणालो, एकेक आठवत गेलं. त्या मोज्यांचा विचार आला तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले. शेजारून जाणाऱ्या एका बाईने विचारलं, “काही होतंय का?” आणि त्यावर वेल्ताच्या मनात आलं, हिचंही ऐकू आलं मला. आणि इंगूना तर पाठीमागे होती. तिचे ओठ दिसतच नव्हते. तरी प्रत्येक शब्द कळला.

म्हणजे कान अजून पुरते गेले नव्हते. बिघाड लॅपटॉपमध्ये होता.

यात आनंद वाटण्यासारखं काही नव्हतं. कान गेले असते तर निदान दोष कानांवर ढकलता आला असता.

ती घरी गेली, लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि गावच्या वाचनालयात घेऊन गेली. तिथली लिगिता म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बँकेचं, दवाखान्याचं सगळं कॉम्प्युटरवर करून द्यायची. गोल चेहऱ्याची, बडबडी बाई.

“काय म्हणतोय पेशंट?” तिने विचारलं.

“बोलतच नाही.”

“माझ्या नवऱ्यासारखा झालाय मग. बघू.” लिगिताने आवाजाची पट्टी बघितली, ती भरलेली होती. कुठे आवाज बंद करून ठेवलाय का बघितलं, नव्हता. “गंमतच आहे वेल्ताबाई. हा म्हणतोय हेडफोन लावलेत, आवाज तिकडे पाठवतोय. कुठायत हेडफोन?”

“नाहीत लावलेले.”

“ते दिसतंय मला. वेड लागलंय याला.” मग तिने आवाजाचा प्रोग्रॅम काढून टाकला, परत घातला, लॅपटॉप बंद-चालू केला. पुन्हा तेच. दुपारभर खटाटोप झाला. शेवटी लिगिता म्हणाली, “आतलंच काही जळलं असेल. नवा घ्या आता, याच्यात काही राम नाही.”

वेल्ता उठली नाही. “हेडफोन मोडले होते माझे,” ती हळूच म्हणाली. “वायर अडकून.”

“कसे मोडले?”

“पिन मोडली.”

“आणि मोडलेला तुकडा?”

वेल्ताने त्याचा कधी विचारच केला नव्हता. लिगिताने टेबलाच्या खणातून टॉर्च काढला आणि लॅपटॉपच्या कडेच्या भोकात प्रकाश पाडला. आत काहीतरी सोनेरी चमकलं. “हा बघा बसलाय! पिनेचं टोक आत आहे, म्हणून याला वाटतंय तुम्ही हेडफोन घातलेत. बिचारा इमानदारीत आवाज तिकडेच पाठवत होता.” तिने एक जुनं बॉलपेन खोललं, रिकामी रिफिल कापली, तिचं पोकळ टोक आत घालून तुकड्यावर दाबून बसवलं आणि श्वास रोखून ओढलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बाहेर आला.

लगेच लॅपटॉपमधून, लिगिताने तपासायला लावून ठेवलेल्या हवामानाच्या बातम्यांमधल्या पुरुषाचा मोठा आवाज घुमला. किनाऱ्यावर पाऊस, वारा पश्चिमेचा. वाचत बसलेल्या दोघांनी दचकून वर बघितलं. लिगिताने हसत आवाज कमी केला. “झालं! एवढंसं काम. आधी आणला असतात तर पाच मिनिटांत...”

वेल्ताचा चेहरा बघून तिने वाक्य अर्ध्यात सोडलं. काही न विचारता ती आत गेली आणि चहा घेऊन आली.

घरी येऊन वेल्ताने सार्मितेला संदेश लिहिला. बटणं दाबायला तिला फार वेळ लागला. “मला त्या दिवशी काही ऐकू येत नव्हतं. लॅपटॉप बिघडला होता. मी ऐकतेय म्हणाले ते खोटं होतं. बाळाचं मला दुकानात कळलं.”

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप वाजला.

सार्मिते वाळली होती. वेल्ताला तिचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी नळ गळत होता तोसुद्धा.

“काही ऐकू येत नव्हतं?” सार्मिते म्हणाली. “अगदी काहीच?”

“काहीच नाही.”

“मग तसं म्हणायचं ना, आई! एवढंच म्हणायचं होतं. ‘ऐकू येत नाही’. मी लिहून दाखवलं असतं.” तिचा आवाज चिरका झाला. “तू मोजे नाचवत होतीस. मला वाटलं, बाबांच्या वेळी केलंस तसंच करतेयस. धिरडी खा, गार होतील. मी विचारलं तुला, मुद्दाम विचारलं, ऐकतेयस का म्हणून. तू हसलीस.”

नेहमीसारखं मांजराचं, नदीचं काहीतरी बोलावं असं वेल्ताच्या तोंडापर्यंत आलं, पण तिने ते गिळलं.

“बाबांच्या वेळी,” ती म्हणाली, “तू रडत होतीस ते मला भिंतीतून ऐकू येत होतं. मी उठले नाही. भीती वाटली.”

सार्मिते पडद्याजवळ सरकली.

“आता सांग,” वेल्ता म्हणाली. “तेव्हा सांगत होतीस ते सगळं सांग.”

“परत? सगळं परत सांगू?”

“नको वाटत असेल तर नको.”

सार्मितेने नाक पुसलं, आणि सांगितलं. मुलगी होती. सकाळी कामावर जाताना हालचाल जाणवली नाही. दवाखान्यातल्या बाईने पोटावर यंत्र फिरवलं, परत फिरवलं, आणि मग यंत्राचा आवाज बंद करून डॉक्टरला बोलवायला गेली. नंतर बाळाला दुपट्यात गुंडाळून हातात दिलं होतं. नखं आली होती तिला. राइतिसने धरलंच नाही, तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. जिथे आवाज फारच बारीक झाला तिथे वेल्ताने एकदाच विचारलं, “काय म्हणालीस? परत म्हण,” आणि सार्मितेने परत म्हटलं.

एवढ्याने सगळं मिटलं असं नाही. पुढचे कितीतरी रविवार फोन आलाच नाही, आला तेव्हा थोडक्यात आटपला. उन्हाळ्यात सार्मिते गावी आली नाही. वेल्ताने तालुक्याला जाऊन कानाचं यंत्र बसवून घेतलं. ते सारखं शिट्टी मारायचं.

शरदात कबरस्तानात मेणबत्त्या लावायचा दिवस असतो, त्यासाठी मात्र सार्मिते आली. एकटीच आली. दोघींनी मिळून ओयारच्या कबरीवरची मॅपलची ओली पानं ओढून काढली, वर पसरलेली वाळू सारखी केली. त्याची मेणबत्ती लावून झाल्यावर सार्मितेने खिशातून आणखी एक काढली, बसक्या काचेच्या पेल्यातली. ज्या लेकीला इथे कबर नव्हती, तिच्यासाठी. आजोबाच्या पायाशी तिने ती ठेवली. वाऱ्याने काडी विझत होती. वेल्ताने वाऱ्याकडे पाठ करून आडोसा धरला, तेव्हा कुठे वात पेटली.

“तिचं नाव ठेवलं होतं आम्ही,” सार्मिते खाली बघतच म्हणाली. “तुला सांगायचं राहिलं.”

तिने नाव सांगितलं. वेल्ताने ते स्वतःशी हळूच म्हणून बघितलं, बरोबर ऐकलं ना ते तपासायला.

“हो,” सार्मिते म्हणाली. “तेच.”

मग ती उठली, गुडघ्याची वाळू झाडली आणि आईला उतारावरून खाली न्यायला हात पुढे केला.