हळकुंडांचं पोतं

शिजलेल्या हळदीचा वास आला की मी अजून गोंधळते. एकाहत्तरच्या लढाईनंतरचा तो उन्हाळा. फौजेत पाठीवर ओझं घेऊन मैलोन्‌मैल चालवतात, म्हणून भरतीआधी दादा रोज हळकुंडांचं पोतं पाठीला बांधून कुरुंद्याच्या शिवारात चालायचा. तो आंघोळीला गेला की आमचे वडील, आबा, अंगणातली ओंजळभर हळकुंडं गुपचूप त्यात टाकायचे. मी चुलीपाशी बसून बघायची.

"रोज जड काहून होऊन राहिलं?" घामाघूम दादा विचारायचा.

"जमत न्हाई तर जाऊ नको," आबा म्हणायचे.

तो कणखर व्हावा म्हणून, की थकून घरीच राहावा म्हणून?

दादा निघाला त्या दिवशी त्याची पेटी आबांनी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत नेली. दादाला हातसुद्धा लावू दिला नाही.