गुरुजींचे तळवे

ज्येष्ठातल्या भर दुपारी काशीच्या अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर कुत्रंसुद्धा पाय ठेवत नाही. यात्रेकरू उड्या मारत, 'अरे बाप रे' करत सावली गाठतात. आणि ढुंढिराजगुरुजी? हातात गंगाजळाचा तांब्या, ओठांवर स्तोत्र, अनवाणी पायांनी एकेक पायरी बघत संथपणे वर येणार. एक दिवस घाटावरच्या नावाड्यानं हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी, आपको तो कुछ लगता ही नहीं! सिद्धी है, सिद्धी!"

गुरुजींनी ही गोष्ट घरी येऊन बायकोला सांगितली, आणि वर हसून सांगितली. शरदिनीबाई मिरच्यांचे देठ काढत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सिद्धी? परवा मंगला गौरीच्या देवळाच्या वाटेवर चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि तुम्ही एकाच पायात चप्पल घालून घरापर्यंत आलात. ती कुठली सिद्धी होती?"

"लक्ष नव्हतं गं."

"लक्ष नसतं तेव्हाही पायाला चप्पल कळते हो! दगड टोचतो, शेण लागतं, काहीतरी होतं!"

गुरुजींनी तांब्या देवापुढे ठेवला आणि डोळे मिटले. वाद नको असला की असं डोळे मिटणं चाळीस वर्षांपासूनचं होतं. शरदिनीबाईंना त्याचा इतका वैताग येई की कधीकधी समोर बसून त्याही डोळे मिटून घेत. पण मग दूध उतू जाई, म्हणून ते सोडून दिलं.

दूधविनायकाच्या गल्लीत गुरुजींना न ओळखणारा माणूस नव्हता. पूर्वज साताऱ्याकडून आलेले, घरात पिढ्यानपिढ्या याज्ञिकी. आवाज असा की रुद्राला सुरुवात केली की गल्लीतले भांडणारेही थांबत. एकदा मांडी घालून बसले की चार-चार तास उठायचे नाहीत. माणूस सरळ, कधी कुणाला खोटा मुहूर्त दिला नाही. आणि गोडाचा षोक म्हणाल तर विचारू नका! श्राद्धाची खीर, सत्यनारायणाचा शिरा, सकाळची जिलेबी, रात्रीची मलाई. शरदिनीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. ज्या गोष्टीचा ताळा जुळत नाही ती त्यांच्या गळी उतरत नसे. आणि गेलं वर्षभर या पायांचा ताळा काही जुळत नव्हता.

आधी मुंग्या आल्या. गुरुजी म्हणाले, "मांडी घालून बसतो, मुंग्या यायच्याच."

"मांडीच्या मुंग्या उठून चार पावलं चाललं की जातात. तुमच्या गेल्या का?"

"जातील."

मग तळव्यांची आग सुरू झाली. पंख्याखाली पाय, ओल्या फरशीवर पाय, थंड पाण्याच्या बादलीत पाय. शेजारच्या नंदावहिनींनी उपाय सांगितला, तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं. शरदिनीबाई वाटी घेऊन बसल्या, तर हे पाय आवळून घेतात! "तळव्यांना हात लावू नकोस. माझं मी करीन." त्यानंतर एक दिवस बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि धाडकन दारावर आपटले. "चक्कर आली का?" तर नाही. "पाय घसरला?" तोही नाही. गंगेत बुडी मारताना आता ते घाटाची साखळी धरत. विचारलं तर म्हणाले, वय झालं.

"वय झालं ना? मग डॉक्टरकडे चला. दुखणं अंगावर काढायचंही वय राहिलं नाही आता."

"दुखतंय कुठे?" गुरुजी म्हणाले. "आता तर आगही होत नाही. बरं झालंय."

पालथ्या घड्यावर पाणी नुसतं.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तशी ती वास्तुशांत आली. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत एका यजमानांकडे होम होता. शरदिनीबाईही जेवायला म्हणून गेल्या होत्या. आहुत्या चालल्या होत्या, धूर दाटला होता. समिधा कोसळल्या आणि कुंडातून एक निखारा गडगडत आला तो थेट गुरुजींच्या उजव्या पायावर. गुरुजी म्हणाले, "स्वाहा." निखारा तसाच. पुन्हा "स्वाहा." कातडी जळल्याचा वास शरदिनीबाईंच्या नाकात शिरला, त्या किंचाळत उठल्या, पण त्याआधीच यजमानांच्या आईनं पळीनं निखारा उडवला होता. गुरुजींनी तेव्हा कुठे पायाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते शरदिनीबाईंनी नीट पाहिलं. ती भीती होती. पण क्षणभरच, कारण म्हातारीनं तोवर पायांवर डोकं ठेवलं होतं. "गुरुजी तो समाधी में थे! आग भी नहीं लगी!"

झालं. काशीत अशी बातमी पसरायला काय लागतं? दुसऱ्या दिवसापासून ओटीवर माणसांची ये-जा. कुणी हार आणतं, कुणी पेढे. पेढे! नंदावहिनी बहिणीला घेऊन आल्या. लोकांनी गुरुजींना असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते आसनावर बसताना पाय थोडे पुढे काढून बसू लागले. पावलांवरून धोतर जरा वर. शरदिनीबाईंनी फोडाला मलम लावून पट्टी बांधली, तर लोक त्या पट्टीलाही हात लावून कपाळाला लावायचे.

"मला तुमचा दुसरा पाय बघू द्या. तळवा बघू द्या," त्या म्हणायच्या.

"काय बघायचंय त्यात?" आणि पाय धोतराखाली.

महिना असाच गेला. एका सकाळी शरदिनीबाई फरशी पुसत होत्या. देवघरापासून ओटीपर्यंत त्यांना डाग दिसले, पिवळट, कडेनं लालसर. एक सोडून एक पावलावर. पुसायचं फडकं हातात घेऊन त्या डागांमागून गेल्या. डाग आसनापाशी संपत होते. ओटीवर दोन बाया पाया पडत होत्या. शरदिनीबाईंनी बायांना सरळ म्हटलं, "सरका जरा," आणि नवऱ्याचा डावा पाय दोन्ही हातांनी धरून उलटा केला.

अंगठ्याच्या बुडाशी बोराएवढं भोक होतं. आत फुटक्या बांगडीचा हिरवा तुकडा रुतलेला, भोवती कातडी पांढरी पडलेली, आणि वास. बायांनी पदर नाकाला लावला. महिनाभर सगळी गल्ली या पायांवर डोकं टेकत होती. एकाही माणसाला खालून बघायचं सुचलं नाही. त्यांना स्वतःलाही जबरदस्ती करायचं धाडस झालं नाही.

"दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही," गुरुजी हळूच म्हणाले.

"बांगडीचा तुकडा पायात घेऊन हिंडताय आणि दुखत नाही! अहो, पाय कापावा लागेल उद्या! कळतंय का? पाय जाईल!"

ओळखीच्या डॉक्टरांनी जखम साफ केली, साखर तपासली आणि कपाळाला हात लावला. साखर भलतीच वाढलेली होती, कोण जाणे किती वर्षांची. औषधं सुरू झाली. रोजचं ड्रेसिंग ठरलं. "आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा," ते म्हणाले. "नसा किती गेल्यात आणि फक्त साखरेनंच गेल्यात का, ते त्यांना बघू दे."

घरी येताना ई-रिक्षात गुरुजी फुगून बसले. "मेंदूच्या डॉक्टरकडे? मी काय वेडा झालोय?"

"वेडी मी झालेय, तुमच्यापायी! पण तपासायचे तुमचे पाय आहेत. चला गुपचूप."

लंका मोहल्ल्याच्या बाजूला त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. डॉ. रुची पांडे, मुलीच्या वयाच्या, बोलणं हिंदीत आणि झटपट. मुंग्या कधीपासून, आग कधी थांबली, चप्पल निसटते का, बटण लावता येतं का, लघवीवर ताबा आहे का, जेवणात दूधदुभतं किती. साखळी धरून बुडी मारण्याचं शरदिनीबाईंनीच सांगून टाकलं. गुरुजींना उभं करून म्हणाल्या, "पाय जुळवा, डोळे मिटा." गुरुजींनी डोळे मिटले आणि वाऱ्यावरच्या ध्वजासारखे डोलू लागले. डॉक्टरांनी पटकन खांदे धरले.

"पायाला जमीन कळत नाही, म्हणून तुम्ही डोळ्यांनी उभे राहता," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले की आधार गेला. गंगेत बुडी मारताना कधी साखळी सुटली असती तर?"

शरदिनीबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

मग गुरुजींना कॉटवर झोपवलं. डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला. "डोळे बंद. स्पर्श कळला की 'हो' म्हणा."

बोळा अंगठ्याला लागला. "हो," गुरुजी म्हणाले. टाचेला लागला. "हो." शरदिनीबाईंच्या जिवात जीव आला. कळतंय म्हणायचं! डॉक्टरांनी करंगळीला बोळा लावला. "हो." मग त्यांनी हात मागे घेतला, बोळा मांडीवर ठेवला आणि नुसत्या बसून राहिल्या.

"हो," गुरुजी म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "हो."

डॉक्टरांनी शरदिनीबाईंकडे पाहिलं. शरदिनीबाईंना आधी काही उमजेना, आणि उमजलं तेव्हा त्यांचा सगळा संताप एकदम वर आला.

"अहो, त्यांनी हातच लावलेला नाही! कुणाला फसवताय? जन्मभर यजमानाशी खोटं बोलला नाहीत आणि आता डॉक्टरशी खोटं बोलताय? माझ्याशी?"

गुरुजींनी डोळे उघडले. छताकडे बघत ते मराठीत, फक्त बायकोला ऐकू जाईल असं बोलले. "सिद्धी नाही हे मला ठाऊक आहे गं. वर्षभर ठाऊक आहे. पायरी न् पायरी बघून उतरतो. निखारा पडला तेव्हा मीही घाबरलो. पण डॉक्टरनं सांगितलं की गुरुजींचे पाय गेले, की गंगा सुटली, काम सुटलं. लोक सिद्धी म्हणत होते, ते बरं वाटत होतं. म्हटलं, चालतंय तोवर चालू दे."

शरदिनीबाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून अजून राग आला.

डॉक्टरांना मराठी कळत नव्हतं, पण समजायचं ते समजलं होतं. त्या स्टूल पुढे ओढून बसल्या. "गुरुजी, साखर मला रक्त सांगेल. नसेची तपासणी मशीन करेल. पण पायाला लागलं की नाही, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तुम्ही 'हो' म्हटलंत तर मी काय वाचवू? गेलेली संवेदना सगळी परत येईल असं मी म्हणणार नाही. पण आहे ती राखता येईल, आणि पायही राखता येईल. दुखेनासं झालं ना, तेव्हाच तर धावत यायचं होतं."

जाताना शरदिनीबाईंनी विचारलं, की मग माणसानं घाबरायचं केव्हा? मुंग्या तर सगळ्यांनाच येतात. डॉक्टर म्हणाल्या, पाय मोकळा केल्यावर ज्या जातात त्यांना नाही घाबरायचं. ज्या राहतात, दोन्ही पायांत सारख्या येतात, वर चढतात, त्यांना दाखवायचं. हातातून वस्तू पडायला लागल्या, पाऊल उचलेनासं झालं, तर मग थांबायचंच नाही. पाय लुळे पडायला लागले, लघवीचा ताबा गेला, तर त्याच दिवशी यायचं. "आणि तोंड एकदम वाकडं झालं, एका बाजूचा हात गळला, बोलणं बोबडं झालं, तर माझी वेळ घेत बसू नका. त्या क्षणी मोठ्या इस्पितळात."

शरदिनीबाईंनी हे सगळं गल्लीत इतक्यांदा सांगितलं की नंदावहिनी त्यांना दुरून बघून वळायला लागल्या. शेवटी एकदा ओटीवर सापडल्या. बहीण होतीच बरोबर, पाया पडायला आलेली. ती वाकली तेव्हा गुरुजींनी पाय मागे घेतले. पायात आता बंद कापडी बूट होते, धोतराखाली ते फारच विचित्र दिसत.

"वहिनी, सिद्धीबिद्धी काही नाही हो," गुरुजी म्हणाले. "साखर आहे. नसा गेल्या. निखारा कळला नाही, एवढंच."

नंदावहिनींचा चेहरा पडला. बहीण मात्र उभीच राहिली. मग घुटमळत म्हणाली, "माझीही चप्पल निसटते हल्ली. म्हटलं, ढिली असेल." गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. शरदिनीबाईंनी आत जाऊन पत्ता लिहून आणला.

जखम भरायला पावसाळा संपावा लागला. तोवर गंगास्नान बंद, घरीच स्टुलावर बसून तांब्यानं आंघोळ. गुरुजी कुरकुरत, जिलेबीची आठवण काढत, चिडत. शरदिनीबाई दुप्पट चिडत. पण रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्यांनी पाटावर बसायचं आणि गुरुजींनी तळवे पुढे करायचे. आता पाय आवळून घेणं नव्हतं. शरदिनीबाई चष्मा लावून बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघत. मग कापसाचा बोळा घेत.

"डोळे मिटा. लागलं?"

"नाही."

"आता?"

"नाही."

बोळा घोट्याच्या वर गेला. "इथं हो," गुरुजी म्हणाले. "इथं पक्कं हो."

शरदिनीबाईंनी हात मागे घेतला. बोळा मांडीवर ठेवला आणि काही न बोलता थांबल्या. गुरुजींच्या मिटल्या पापण्या थरथरत होत्या. ते कान देऊन, पाय देऊन, जीव देऊन शोधत होते.

"आता?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी बराच वेळ घेतला. "नाही," ते म्हणाले. "काहीच नाही कळलं गं."

"शाबास," शरदिनीबाई म्हणाल्या, वर्गात म्हणायच्या तशा, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.