चिंचेने घासलेला क्रॉस

तुम्ही पत्रात विचारलं आहे की आजोबांच्या पदकांच्या वहीत सतराव्या नोंदीपुढे ‘रशियन क्रॉस, चांदी, अस्सल’ असं माझ्या, म्हणजे तुमच्या आजीच्या, अक्षरात स्वच्छ लिहिलेलं असताना पेटीच्या सतराव्या कप्प्यात तांबडं पडलेलं खोटं पदक कसं? तुमच्याकडच्या जाणकाराने ते हसून बाजूला ठेवलं म्हणे. अस्सल कुठे गेलं ते मला ठाऊक आहे, कारण ते मीच देऊन टाकलं. का दिलं, ते आता सांगते.

पन्नासच्या दशकात आम्ही डहाणू रोडला राहत होतो. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आजोबांचा दवाखाना, मागे बिऱ्हाड. एका इराणी बागायतदाराचा जुना ताप त्यांनी बरा केला. त्याने चिकूच्या करंडीबरोबर एक काळा क्रॉस आणून दिला. त्याच्या भावाला तो पहिल्या महायुद्धात कुठल्याशा जर्मन शिपायाच्या अंगावर मिळाला होता. अंगावर म्हणजे प्रेतावर. तेव्हापासून आजोबांना हा नाद लागला. जर्मन कैसरची आणि रशियन झारची पदकं, बाकी काही नाही. लंडनच्या विक्रेत्यांना पत्रं मी लिहायची, कारण माझं इंग्रजी बरं होतं आणि अक्षर त्याहून बरं. वहीही मीच ठेवायची.

खरं-खोटं ओळखायच्या रीती मला त्यामुळेच पाठ झाल्या. खरा जर्मन क्रॉस एकसंध ओतलेला नसतो. मधे लोखंड आणि भोवती दोन बाजूंनी बसवलेली चांदीची चौकट, म्हणजे कडेला बारीक सांधा दिसलाच पाहिजे. लोहचुंबक मधल्या भागाला चिकटला पाहिजे. रशियन क्रॉसच्या मागे नंबर कोरलेला असतो, त्याचे आकडे भिंगातून तपासायचे. आणि मळ काढायचा नाही! काळा थर जेवढा जुना तेवढी वस्तू मोलाची. जेवणाच्या टेबलावर आजोबा ती पदकं मांडून बसत. चांदीचा कस बघायला पदक दाताला लावत, जिभेवर टेकवत. एका फितीवर तपकिरी डाग होता. ‘रक्तच आहे,’ ते आनंदाने म्हणाले, आणि ती फीत त्यांनी नाकाशी नेली. मी पुढ्यातलं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून मी त्या टेबलावर जेवले नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत असे. लोकांना वाटे, मी जुन्या वळणाची.

आशागडकडची एक म्हातारी खोकल्याच्या औषधाला येत असे. नवरा वारलेला. तो तरुणपणी त्याच महायुद्धात पलटणीत जखमींच्या डोल्या उचलायला इराकच्या बाजूला गेला होता. तिथे गोळ्यांच्या माऱ्यातून त्याने माणसं उचलून आणली, म्हणून इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या रशियाच्या राजाकडून आलेला क्रॉस त्याच्या छातीवर लावला गेला. क्रॉसच्या मधोमध घोड्यावर बसलेला वीर भाल्याने राक्षस मारतो आहे. नवरा गेल्यावर म्हातारीने तो खंडोबा म्हणून देवघरात बसवला. दर दसऱ्याला कोयता, कुऱ्हाड यांच्याबरोबर चिंचेने आणि राखेने घासून त्याची पूजा करायची.

आजोबांनी विकत मागितला. ती हसली. ‘डागदर, देव कोन विकतो?’

पण तिच्या मनात एक काटा होता. तिचा दीर जन्मभर म्हणत आला होता की भावाने हा बिल्ला तिकडच्या बाजारातून विकत आणला, शौर्य-बिर्य काही नाही. हे कळल्यावर आजोबा म्हणाले, ‘आठ दिवस माझ्याकडे ठेवा. खरा की खोटा, मी छातीठोक सांगतो.’ तिने पदराची गाठ सोडून क्रॉस त्यांच्या हातावर ठेवला. भिंगातून मागचा नंबर मीच मोठ्याने वाचून दाखवला होता.

आठ दिवसांनी त्यांनी तिला क्रॉस परत दिला आणि म्हणाले, ‘अगदी अस्सल. सांगा दिराला.’ तिने त्यांच्या पायाला हात लावला. त्याच संध्याकाळी त्यांनी मला नवी, सतरावी नोंद सांगितली. तोच नंबर ऐकताना माझी लेखणी थांबली.

‘हा कुठून आला?’

‘आला. तू लिही.’

मी लिहिलं. सुबक, रेघेवर. त्या एका ओळीची मला जितकी किळस आहे तितकी रक्ताच्या फितीचीही नाही. फीत हुंगणारे ते होते. ही ओळ माझी आहे.

दसरा झाला आणि दुसऱ्या गुरुवारी म्हातारी आली. गुरुवारी आजोबा तलासरीला रोगी बघायला जात, त्यामुळे दवाखाना बंद होता. ती मागच्या दाराने ओट्यावर आली. काखेत फडक्यात गुंडाळलेली एक लाकडी फळी. तिने फडकं सोडलं. नवऱ्याने हयातीतच फळीत क्रॉसच्या आकाराची खोबण कोरून ठेवली होती. तीत क्रॉस होता, पण वरचा चांदीचा मुलामा घासून निघाल्याने त्याची कड आणि घोड्याचं तोंड तांबडंलाल झालेलं.

‘बाय, आमच्या देवाला काय झाला? दर वरसाला घासते. कदी असा नाय झाला. चार लोकांम्होरं दीर हसला. म्हनला, बग, तुज्या नवऱ्याचा शौर्य तांब्याचा निगाला.’

तिने फळी हलवली. क्रॉस खोबणीत खुळखुळला. साच्यातून ओतलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान होते. हेही मी लंडनच्या एका पत्रातच वाचलं होतं.

माझ्या तोंडून निघालं, ‘चुकून बदलला असेल.’

तिने आवाज चढवला नाही. ‘चुकून बदलला, त मंग दुसरा अगदी असाच कुठून आला, बाय?’

मी आत गेले, पेटी उघडली आणि सतराव्या कप्प्यातून क्रॉस काढला. बाहेर येऊन तिच्या हातात दिला. तिने तो फळीवर ठेवून अंगठ्याने दाबला. टक आवाज झाला आणि तो बसला. तिने फळी उलटी केली तरी पडला नाही.

मला वाटलं, आता ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, ‘कागद दे. माज्या बोलन्यावर दीर इस्वास ठेवनार नाय.’

मी वहीतलंच एक पान फाडलं. मराठीत लिहिलं की हा क्रॉस अस्सल आहे, तो या बाईच्या नवऱ्याला लढाईत मिळाला, आणि दसऱ्याला जो तांबडा पडला ती आमच्या घरातून दिलेली नक्कल होती. खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली. तिने मला ते दोनदा वाचायला लावलं. ‘आमच्या घरातून’ या शब्दांवर तिने मान डोलावली आणि कागद कमरेला खोचला. नक्कल ओट्यावरच टाकून गेली.

संध्याकाळी आजोबा तलासरीहून आले. मी नक्कल त्यांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते निदान खाली बघतील.

‘वेडी आहेस का तू?’ ते ओरडले. ‘ती बाई चिंच लावून लावून नंबर पुसून टाकेल! माझ्याकडे तो शंभर वर्षं राहिला असता!’

‘तो तिचा आहे.’

‘तिला त्याची किंमत तरी कळते का?’

‘तुम्हीच सांगितलीत की तिला. अगदी अस्सल म्हणालात.’

मग त्यांना कागद आठवला. ‘सही केलीस? डॉक्टरच्या बायकोने?’ एवढंच त्यांना लागलं. आशागडचे रोगी पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ लागले. त्याचा राग त्यांनी अखेरपर्यंत माझ्यावर धरला. म्हातारीबद्दल एक शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. आणि नक्कल त्यांनी पुसून सतराव्या कप्प्यात ठेवली. जागा रिकामी दिसू नये म्हणून.

मुलांनो, आजोबांनी तुमच्या वडिलांना खांद्यावर बसवून समुद्रावर नेलं, गरिबांना फुकट औषधं दिली. तेही खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ती पेटी मी पुन्हा उघडली नाही आणि वहीत पुढे एक अक्षर लिहिलं नाही. अठराव्यापासून अक्षर त्यांचं आहे, तुम्ही पाहिलंच असेल.

तुम्ही लिहिता की नंबर हाताशी आहे, तेव्हा अस्सल क्रॉस शोधून काढता येईल. त्या घरच्यांना चांगला मोबदलाही देता येईल. म्हातारीचं नाव आणि पाडा मला अजून आठवतो. तुम्हाला कळवणार नाही. वहीतली माझी ती ओळ तेवढी खोडा, आणि कप्पा रिकामा ठेवा.