ओळीच्या टोकाला तोडलेला दोरा

शुभाचा फोन आला तेव्हा मी मैसूरात हूटगळ्ळीच्या बसमध्ये होतो. “आई गेली... सकाळी, झोपेतच,” एवढंच ती बोलू शकली. शुभाच्या आईला, अनसूयाक्कांना, जाऊन आता काही आठवडे झाले. त्या माझ्या पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठ. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी अक्का म्हणायचो.

मी तालुक्याच्या गावात कन्नड शाळेत शिकलेला, शिंप्याचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तसं अक्कांनी माझं आडनाव पुन्हा वाचलं आणि थेट घरच्या, कन्नड मिसळलेल्या मराठीत विचारलं, “मनेत, घरात, मराठीच बोलता न्हवं? मग सुम्ने, उगाच कशाला घाबरतोस? समजलंय ते सांग.” त्यांचे वडीलही मैसूरातले शिंपीच, हे मला नंतर कळलं.

आमची लहानशी कंपनी साडीच्या काठावर नक्षी विणणाऱ्या मागांसाठी प्रोग्रॅम लिहायची. नक्षी म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या चौकोनांच्या ओळी. मागाला जोडलेल्या यंत्राची मेमरी अगदी तोकडी, म्हणून प्रत्येक चौकोन वेगळा न साठवता ‘सात भरलेले, पाच रिकामे’ असं आटोपशीर साठवलेलं असे. ते वाचून पुन्हा चौकोन उलगडायचे, हा भाग माझ्याकडे आला. आकडा वाचायचा, प्रकार वाचायचा, तितक्या वेळा तो चौकोन काढायचा... सोपं काम. पण बेळगोळच्या कारखान्यात चाचणी घेतली तेव्हा मोराची चोच ठीक आली आणि मानेपासून खाली सगळा मोर तिरपा होत होत विस्कटून गेला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. मॅनेजर सर्वांसमोर म्हणाले, “उद्या हे नीट दिसलं नाही तर काम दुसऱ्याला देऊ, आणि तुझं कायम होणंही मग अवघडच.” इकडे माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला नोकरी लागल्याचं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं.

अक्कांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. चौकटींचा कागद पुढे सरकवला. “तू मशीन हो. मी वाचते, तू भर.” त्या आकडे वाचत गेल्या, मी पेन्सिलीनं भरत गेलो. “सात भरलेले.” ओळीत चारच चौकोन उरले होते. मी चार भरले आणि पुढच्या आकड्याची वाट बघत बसलो.

“अय्यो, उरलेले तीन कुठं टाकलेस?”

“ओळ संपली ना, अक्का.”

त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे वळून बघू लागले. “शिंप्याचं पोर ते शिंप्याचंच! टोक आलं की दोरा तोडलास. माझ्या अप्पांच्या घरी मीपण हेच शिकले कणो रे. पण हा शिवणीचा दोरा न्हवे, खालच्या ओळीत जातोय.”

खरंच होतं. अप्पांच्या दुकानात शिवण संपली की दोरा कापायचा आणि पुढची शिवण नव्यानं सुरू करायची, हे माझ्या हातातच बसलेलं. प्रोग्रॅममध्येही मी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उरलेली संख्या शून्य करून टाकत होतो. प्रोग्रॅममधली ती एक ओळ मी काढून टाकली, आणि संध्याकाळपर्यंत मागावर मोर शेपटीसकट उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं हे कसं चालतं असं विचारलं, तेव्हा मॅनेजर अक्कांकडे वळले. “त्याला विचारा, त्यानं लिहिलंय,” म्हणून त्या चहा आणायला गेल्या... मुद्दामच. मी इंग्रजीत सुरुवात केली, अडकलो, मग कन्नडमध्ये सगळं सांगितलं. गिऱ्हाईकही कन्नडच बोलणारं निघालं. पुढं मी कायम झालो.

निवृत्तीनंतर अक्का दर शनिवारी घरी आसपासच्या मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. गेल्या शनिवारी शुभाला भेटायला गेलो, तर दारात चपला होत्या. “वर्ग बंद झाला असं मला कुणालाच सांगवलं नाही,” शुभा हळू आवाजात म्हणाली. आत मुली संगणकासमोर दाटीवाटीनं बसल्या होत्या. एकीचा प्रोग्रॅम अडला होता. मी शेजारी स्टूल ओढून बसलो. कन्नड, मराठी, मधूनच इंग्रजी, असं आमचं बराच वेळ चाललं. निघताना त्या मुलीनं विचारलं, “अंकल, पुढच्या शनिवारी किती वाजता?”

शुभा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी वेळ सांगितली.