फुली नसलेला रूळ

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर कुणी आई म्हणे, कुणी काकू, तर कुणी नुसतीच मान डोलावून पुढे सटके. भंगाराचं दुकान चालवायचं तर आवाज लागतो, आणि तिच्याकडे तो दोन दुकानांना पुरेल एवढा होता.

त्या सकाळी मात्र तोफ डागलीच गेली नाही, आणि त्यामुळेच सून हातातला झाडू टाकून बघायला आली. सासू नेहमीसारखी बाह्या वर सारून, हातोडा घेऊन आपल्या कोपऱ्यात गेली होती. खाली बसणार तोच थांबली आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. भिंतीलगत मातीत एक लांबट, गुळगुळीत खळगा होता. खळग्यात काहीच नव्हतं.

"माझा रूळ कुठाय?" ती म्हणाली, आणि तेही हळू.

तो रूळ म्हणजे आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा. गोदामांकडे जाणारी जुनी लाइन उखडली तेव्हा तिच्या नवऱ्याने तो आणला होता. लग्न नवीन होतं, दुकान त्याहून नवीन. ऐरण घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून हा रूळ मातीत बसवला. नवरा दाराच्या बाजूला बसे, ती भिंतीच्या. तो सांडशीत वस्तू धरायचा आणि ती घाव घालायची. "आमच्या घरात मी फक्त धरतो, मारते ती," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. बंद पडलेल्या मोटारी, कुकरची झाकणं, नळ, कुलपं, पंख्यांची पोटं, सगळं त्या रुळावर फुटलं. वर्षानुवर्षांच्या घावांनी रुळाच्या माथ्याला मधोमध बशीसारखा खोलगट भाग पडला होता. नवरा गेला, तरी ती भिंतीच्याच बाजूला बसत राहिली. दाराकडची जागा मोकळी ठेवली. तिथे कुणी बादलीसुद्धा ठेवायची नाही.

पण रुळाचं खरं काम फोडण्याचं नव्हतं. खरं काम होतं आवाजाचं. भंगारात आलेला नळ वरून असा चकाकतो की आत पितळ आहे की जस्त, हे डोळ्यांना कळत नाही. तोफ तो नळ रुळावर आपटायची. पितळ असेल तर आवाज लांबत जायचा, जस्त असेल तर ढप्प. तांब्याचा आवाज जाडसर, झोपेतून उठवल्यासारखा. कानाला पटलं की नळ त्या-त्या पोत्यात जायचा. दुसऱ्या कुठल्या लोखंडावर आपटून बघितलं तर तिला काही कळायचं नाही, उगाच चिडचीड व्हायची. रुळाशी तिच्या कानाची ओळख होती, बाकी लोखंडाशी नव्हती.

"अरे, मी विचारतेय. रूळ कुठाय?"

मुलगा काउंटरपाशी उभा होता. हातात पेन होतं आणि ते तो उगाचच उघडबंद करत होता. "काल संध्याकाळी ट्रक आला होता ना. तुम्ही दोघी डॉक्टरांकडे गेला होतात तेव्हा. हमालांनी उचलला असेल, आई."

"उचलला असेल? माझा रूळ?"

"त्याच्यावर फुली नव्हती ना."

फुलीचा नियम तोफेचाच होता. दुकानात आलेलं जे मोडायचं नाही, विकायचं नाही, दुरुस्त होण्यासारखं आहे, त्याच्यावर खडूने फुली मारायची. फुली नसेल ते ट्रकमध्ये. नवीन हमाल आला की पहिल्याच दिवशी ती त्याला दटावून सांगायची, "डोकं चालवायचं नाही, फुली बघायची." एकदा एका हमालाने फुली नसलेला पंखा दयाबुद्धीने बाजूला ठेवला, तर तिने त्याला गल्लीभर ऐकवलं होतं.

आणि रुळावर फुली नव्हती. कशी असेल? स्वतःच्या ऐरणीवर फुली कोण मारतं? स्वतःच्या पोराच्या कपाळावर मारतो का आपण फुली, की हा विकायचा नाही?

राग तर आला होता, पण तो काढायचा कुणावर? हमालांवर काढला तर ते तिचाच नियम तिला ऐकवणार. असा आतच कोंडलेला राग फार वाईट. तिचे कान लाल झाले.

"तुला तरी सांगता येत नव्हतं? तू इथे होतास ना?"

"मी फोनवर होतो. आणि खरं सांगू का, आई, आता त्या रुळाचं काय करायचंय? डॉक्टर काय म्हणाले?"

हातोडा बंद, असं डॉक्टर म्हणाले होते, ते गल्लीतल्या कुत्र्यालाही पाठ झालं होतं. मागे एक कुलूप फोडताना बिडाची कपची उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेली होती. डोळा वाचला, पण नजर अधू झाली. तेव्हापासून मुलाने ध्यास घेतला होता की आईने आता बसायचं. काउंटरच्या मागे तिच्यासाठी एक भक्कम लोखंडी खुर्ची आणली, पाठीला गादी, हातांना गादी, पाय ठेवायला वेगळं लोखंडी स्टूल. "आता इथे आरामात बसायचं, आई. खूप केलंस." त्यावर तोफ म्हणाली होती, "आजवर काय उभी होते? बसूनच काम केलं." खुर्चीवर ती एकदाही टेकली नव्हती. तिच्यावर दुकानातलं मांजर झोपायचं.

आता तिने त्या खुर्चीकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"हातगाडी काढ."

"कुठे, आई?"

"क्रेनवाल्याकडे. सगळ्यांचा माल तिथेच जातो. भट्टीत जायच्या आत गाठायचं." असं म्हणत तिने मांजराला खाली उतरवलं आणि खुर्ची उचलली.

"आई! अगं खुर्ची कुठे नेतेस?" मुलगा काउंटरला वळसा घालून धावला.

"फुली दाखव."

"काय?"

"खुर्चीवर फुली दाखव. आहे? नाही ना? मग बाजूला हो."

सून तोंड फिरवून स्टूल उचलायला गेली. तिला हसू आलं होतं आणि ते नवऱ्याला दिसायला नको होतं.

क्रेनवाल्याचं आवार गावाबाहेर, पत्र्याच्या उंच कुंपणात. आत लोखंडाचे डोंगर, आणि वर लोंबकळणारं गोल लोहचुंबक. ते खाली यायचं, एकदम डबे, सळ्या, सायकलींच्या चौकटी उचलायचं आणि दुसऱ्या डोंगरावर सोडून द्यायचं. तो आवाज ऐकून तोफेला दरवेळी वाटायचं की कुणीतरी स्वयंपाकघरच उंचावरून खाली फेकलं. क्रेनवाला तिच्या नवऱ्याचा जुना सोबती. दोघांनी एकेकाळी एकाच हातगाडीवर भंगार गोळा केलं होतं. आता त्याचं पोट टेबलाला टेकत होतं.

"या वहिनी! आज स्वतः?"

"भावजी, काल आमच्याकडून आलेला माल कुठाय?"

"त्या कोपऱ्यात. का, काही चुकलं?"

"माझा रूळ आलाय त्यात."

क्रेनवाल्याचा चेहरा जरा पडला. रूळ म्हणजे कुठला, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने हात पोटावर ठेवले. "वहिनी, काट्यावर चढलेला माल परत उतरत नाही. तुमच्याच दुकानावर पाटी आहे."

"पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे."

"मग आज तुम्ही कोण?"

तोफ ओरडली. "मी कोण? एका गाडीवर तुम्ही दोघं फिरायचात तेव्हा घरी येऊन कुणाच्या हातची भाकरी खायचात, ते आठवतंय का? की पोटात जागा झाली तशी डोक्यात नाही राहिली?"

आवारातली माणसं काम थांबवून बघू लागली. क्रेनवाल्याला ते परवडणारं नव्हतं. त्याने हात हलवला, "शोधा, शोधा. सापडला तर बघू."

कोपऱ्यात रुळांचा वेगळा ढीग होता. कुठलीशी लाइन पुन्हा उखडली असावी. गॅस कटरने कापलेले तुकडे, सगळे सारखेच गंजलेले, सगळे सारखेच काळे. सून हताश होऊन बघत राहिली. "आई, यात कसा ओळखायचा?"

तोफेने एक तुकडा पायाने फिरवला. मग दुसरा. माथ्यावरून तळवा फिरवत ती ढिगाच्या कडेने सरकत राहिली, दळणातले खडे शोधावेत तशी. एका तुकड्यावर तिचा हात थांबला. बोटं खोलगट भागात उतरली आणि एकदम कडेवरून खाली घसरली. बशी अर्धीच होती. तिथून पुढे रूळ नव्हताच, नुसती गॅसने वितळलेली, ताजी, खरखरीत कड.

"कापला." ती म्हणाली.

दुसरा तुकडा सापडला नाही. ट्रकवरचा एक हमाल जवळ आला. कालच्या फेरीला तोच होता. तोफेच्या तोंडाला घाबरून तो जरा लांबच उभा राहिला. "काकू, भट्टीची पहिली गाडी पहाटेच गेली. त्यात गेला असेल."

"तुला डोळे नाहीत? इतकी वर्षं येतोस दुकानात. दिसला नाही रूळ कुणाचा ते?"

"दिसला ना! म्हणून तर आम्ही हात लावत नव्हतो. मी म्हटलं, हा काकूंचा आहे. तुमचे दादाच म्हणाले, आधी हाच चढवा, आई यायच्या आत."

लोहचुंबक वरून खाली आलं, लोखंड खाली पडलं, आणि बराच वेळ कुणालाच काही ऐकू आलं नाही. सुनेने सासूकडे पाहिलं. सुनेला हे माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून तोफेला ते समजलं, तेवढंच बरं वाटलं.

"भावजी," तोफ वळून म्हणाली. तिचा आवाज आता पुन्हा हळू झाला होता. "वजनाला वजन. हा तुकडा मला द्या, तेवढंच लोखंड घ्या. मग तर काही उतरलं नाही ना काट्यावरून?"

क्रेनवाला खुर्चीकडे बघत म्हणाला, "एवढी चांगली खुर्ची? भंगारात?"

"मालकाला नको असेल ते भंगार. धंदा मी शिकवायचा का तुम्हाला?"

काट्यावर रुळाचा तुकडा ठेवला. मग तो उतरवून खुर्ची चढवली. कमी भरली. स्टूल चढवलं, तरी थोडं कमीच. क्रेनवाला काही बोलणार तेवढ्यात सुनेने हातगाडीची साखळी आणि कुलूप सोडवून काट्यावर आपटलं. "आता?"

"अहो, गाडी कुणी चोरून नेली तर?" क्रेनवाला म्हणाला.

"आमच्याकडे बाहेरचे चोर येत नाहीत," सून म्हणाली. तोफेने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

दुकानात परतल्या तेव्हा मुलगा दारातच होता. हातगाडीवरचा अर्धा रूळ पाहिला आणि त्याला कळलं की तिला कळलं आहे. तो मदतीला पुढे झाला. तोफेने हातानेच त्याला थांबवलं. सासू-सुनेने मिळून तुकडा उतरवला आणि खळग्यात ठेवला. भिंतीकडची बाजू भरली. दाराकडे खळगा तसाच रिकामा राहिला.

"डोळा गेला असता, आई."

"गेला असता तर माझा गेला असता."

"आणि मी काय करायचं मग? कपची काढायला नेलं तेव्हा तू माझा हात धरला होतास. आठवतंय? किती घट्ट धरला होतास?"

"मग तेव्हाच बोलायचंस! समोर उभं राहून म्हणायचंस की आई, बंद कर. मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, आदळआपट केली असती. पण चोरून? माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, हमालांना सांगून?"

"तुझ्याशी भांडून आजवर कुणी जिंकलंय?" मुलगाही आता ओरडला. "बाबा तरी जिंकले का कधी?"

"बाबांनी कधी माझी वस्तू विकली नाही. हरले, पण समोर बसून हरले." तिने दाराकडच्या रिकाम्या खळग्याकडे बोट दाखवलं. "तिथे. त्यांची बाजू भट्टीत घातलीस तू. आजच पहाटे."

मुलाच्या हे ध्यानीमनी नव्हतं. त्याने रूळ विकला होता, कुणाची बाजू कुठली हे बघून नव्हे.

सुनेने भंगाराच्या एका पोत्यात हात घालून वेल्डरचा जाड काचांचा चष्मा काढला. एका काचेला तडा होता. तिने तो पुसला आणि सासूसमोर धरला. तोफेने आधी तो झिडकारला. मग हिसकावून घेतला आणि डोळ्यांवर चढवला, कुणावर तरी सूड उगवावा तसा.

ती भिंतीच्या बाजूला बसली. पितळेच्या पोत्यातला एक नळ उचलला, ज्याची तिला खात्री होती, आणि रुळावर आपटला. आवाज लांबला, पण तो जुना नव्हता. वर चढलेला, पातळ, घाईत असल्यासारखा. तिने जस्ताचा तुकडा आपटला. मग तांब्याचा. मग परत पितळ. रूळ अर्धा झाला होता आणि त्याची बोली बदलली होती. सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकायला हवं होतं, आणि या वयात शिकायला लावलं म्हणून तिला नव्याने संताप आला.

मुलगा येऊन दाराकडच्या खळग्यापलीकडे उकिडवा बसला. बराच वेळ तो तिचा हात वरखाली होताना बघत राहिला.

"आई, मी..."

"गप्प बस," तोफ म्हणाली. "ऐकू दे मला."

आणि तिने नळ पुन्हा आपटला.