खांबावरची आरसेवाली

आमच्या गावच्या हेमाडपंती देवळात एका खांबावर आरशात बघणारी दगडी बाई आहे. लहानपणी मी तिच्या बांगड्यांवरून बोट फिरवायची, एकेक कंगोरा हाताला लागायचा. परवा जत्रेआधी गेले, तर गुरवांची सून सुमन तिला गुलाबी ऑइलपेंट फासत होती. नवस फळला की देवळाला रंग द्यायचा, अशी आमच्याकडे रीतच आहे. वर्षानुवर्षांच्या थरांखाली बाईचा चेहरा पार बुजलाय.

"अगं, हिचे डोळे कुठं गेले?"

"काकू, चष्मा पुसा आधी!" सुमन हसली. "थांबा, काळ्या रंगानं काढते की."

रंग खरवडून काढा, म्हणाल. शेजारच्या खांबावर तेही करून झालं. रंगाबरोबर दगडाचा पापुद्राच सुटून आला. आता रंग ठेवला तरी ही बाई गेली, काढला तरी गेली. चोरांपासून देऊळ राखता येतं हो, पण माया करणाऱ्यांना कसं अडवायचं? सुमनला रागवावं, तर तिच्या कडेवर नवसाची लेक.

तिनं लेकीचं इवलं बोट लाल रंगात बुडवलं आणि बाईच्या त्या गुळगुळीत कपाळावर टेकवलं.

"छान दिसते ना, काकू?"

"दिसते की," मी म्हटलं.