लाइट ड्यूटीवरचा खांदा

“हात वर घे,” मी म्हणाले. प्रणालीनं उजवा हात कसाबसा खांद्यापर्यंत आणला आणि ओठ दाबून थांबली.

मला राग आला. एव्हाना तो हात कानाला टेकायला हवा होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नातेवाइकांच्या भाषेत मालीशवाली. समोर बसलेली मुलगी देशासाठी टेनिस खेळते, तिचे बॅनर चौकाचौकात लागतात. तिच्या रोटेटर कफला सूज होती. म्हणजे खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंना. त्यांना विश्रांती मिळाली नाही, तर ते फाटतात. मग ऑपरेशन, आणि अख्खा सीझन हातचा जातो. संघाची निवड चाचणी दोन-तीन महिन्यांवर आली होती.

“घरी काय करतेस?”

“काही नाही मॅडम. रेस्ट.”

हे सांगताना ती खिडकीकडे बघत होती. संध्याकाळी क्लिनिक बंद करून मी सरळ बजाजनगरला तिच्या घरी गेले.

दोन खोल्या आणि वर गच्ची. तिची आई सुमनताई कामगारांचे डबे करतात. ओट्यावरच्या फळीवर लेकीचे कप. सगळ्यात मोठ्या कपात लिंबं. वडील बबनराव देवगाव रंगारीहून वाळूजला आले, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर म्हणून रिटायर झाले. नाइट शिफ्ट संपवून न झोपता ते लेकीला स्कूटरवरून कोर्टावर न्यायचे. गल्लीत कुणालाही विचारा, सांगेल.

“वर हायेत,” भाकरी थापता थापता सुमनताई म्हणाल्या. “गावाकडचे पाव्हणे आलेत.”

गच्चीवर पाहुणे चटईवर बसले होते. समोर चेंडू अडवायला मच्छरदाणी बांधलेली. प्रणालीनं चेंडू उडवला आणि दात आवळून, हात कसाबसा डोक्यावर नेऊन सर्व्हिस मारली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं हळूच खांदा धरला.

“बबनराव, मी रेस्ट सांगितली होती ना?”

“मंग रेस्टच हाय की मॅडम. कोर्टावर पाऊल नाय ठिवलं तिनं. ही तं लाइट ड्यूटी हाय.”

मी कपाळाला हात लावला. कारखान्यात हाताला लागलं, की माणसाला हलक्या कामावर बसवतात. ती लाइट ड्यूटी. बबनरावांनी आयुष्यभर ‘रेस्ट’ म्हणून तेवढंच पाहिलं होतं. पाहुणे आले की एक-दोन सर्व्हिस, आणि अशा घरी पाहुण्यांना काय तोटा?

“तू का नाही बोललीस?” मी प्रणालीला विचारलं.

“अप्पांनी मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. मी कसं म्हणू?”

माझा राग गेला. पण राग जाऊन खांदा बरा होत नाही. मी बबनरावांकडे वळले.

“प्रेसची बेअरिंग वाजायला लागली, तर मशीन लाइट ड्यूटीवर चालवाल?”

ते हसले. “असं कुठं असतंय? शाफ्टच जाईल. मशीन बंद करायची, बोर्ड लावायचा.”

“मग लावा.”

त्यांचं हसू थांबलं. लेकीच्या खांद्याकडे बघत ते म्हणाले, “बेअरिंगच हाय व्हय ते?”

“तसंच समजा.”

त्यांनी तिच्या हातातून रॅकेट घेतली आणि चटईच्या कडेला बसले. “आन् मी रोज चालवली की वो,” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वेळी गेले, तर मच्छरदाणी उतरली होती. रॅकेटची बॅग खुंटीला, खाली पुठ्ठा: ‘मेंटेनन्स चालू आहे. हात लावू नये.’ नगरसेवक फोटोग्राफर घेऊन आले, त्यांनाही बबनरावांनी चहा पाजून पुठ्ठा दाखवला.

हात हळूहळू कानाला टेकला. मग मी दोघांना कोर्टावर बोलावलं.

“मॅडम, ट्रायल घ्यायची?” बबनरावांनी विचारलं.

“घ्या.”

प्रणालीनं सर्व्हिस मारली. चेंडू रेषेच्या आत पडला. तो कुठं पडला, हे बबनरावांनी पाहिलंच नाही. त्यांनी कान तिच्याकडे लावला होता.

“आवाज नाय ना येत कुठून?”

“नाही अप्पा,” ती हसत म्हणाली. त्यांनी डोळे पुसले. मीही.

चाचणीत तिची निवड झाली. मी मात्र आता कुणाला नुसतं ‘रेस्ट’ सांगत नाही. आधी विचारते, घरात कोण काय काम करतं. परवा एका एसटी ड्रायव्हरच्या गुडघ्याला सांगितलं, गाडी डेपोत लावा. लगेच समजलं त्यांना.